पानिपतची साधने आणि पडद्यावरील पान : इतिहासाच्या अध्यापनातील आंतरजालीय संहितांचा विचार

इतिहासाच्या अध्यापनासाठी आंतरजालावर उपलब्ध झालेल्या साधनांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. साधने किती आहेत हे एक, आणि ती विद्यार्थ्यांपर्यंत कशी पोचवावीत हे दुसरे. ती साधने संहिता म्हणून कोणत्या अवस्थेत आपल्यासमोर येतात, हा तिसरा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांना साहित्यातला वाटतो आणि साहित्याच्या प्राध्यापकांना इतिहासातला. परिणामी तो कोणीच विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पानिपतच्या तिसऱ्या युद्धाच्या (१४ जानेवारी १७६१) साधनांपुरता मर्यादित करून मांडला आहे. ही निवड सोयीची आहे हे मान्य करावयास हवे. परंतु ती केवळ सोयीची नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात मराठी शिकणारा विद्यार्थी हिंदी, बांगला किंवा तेलुगू भाषक असतो. मराठ्यांच्या इतिहासातील फार थोड्या घटना त्याच्याही भूगोलात घडलेल्या असतात, आणि पानिपत ही त्यांतील सर्वांत मोठी घटना होय. शिवाय ज्या ग्रंथालयाच्या कपाटात राजवाड्यांचे खंड नाहीत, तेथे आंतरजाल हे ग्रंथालयाला पूरक नसते. तेच ग्रंथालय असते. तेथे जे जसे सापडेल, तसाच इतिहास विद्यार्थ्याच्या मनात उतरतो.

साधनांच्या उपलब्धतेविषयी तक्रार करण्यास आज फारशी जागा उरलेली नाही. का. ना. साने यांनी १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’तून छापलेल्या बखरी, वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघालेली पेशवे दप्तराची पंचेचाळीस पुस्तके, ग्रँट डफचा १८२६ चा इंग्रजी इतिहास, काशीराज पंडिताच्या फार्सी वृत्तांताचा इंग्रजी अनुवाद, अशी सामग्री आता घरबसल्या वाचता येते. यांतील पुष्कळ पुस्तकांच्या छायाप्रती ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या शासकीय प्रकल्पात तयार झाल्या. त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, तथापि तेथील लक्षावधी पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर उतरवून ठेवलेली असल्यामुळे वाचली. घाईने काढलेल्या या छायाप्रतींत कोठे पान तिरपे आहे, कोठे दोन पाने गळाली आहेत, कोठे मुखपृष्ठच नाही. परंतु मोठी अडचण सूचीची आहे. मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, आणि तीही ज्या त्या टंकलेखकाच्या कानाला जशी भावली तशी नोंदविलेली असल्यामुळे मराठी पुस्तक शोधण्यासाठी आधी एका अनामिक माणसाचे उच्चार ओळखावे लागतात.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची आहे व ती अधिक सूक्ष्म आहे. १९६२ च्या नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांत ‘फौजेचें’, ‘तेथें’, ‘पत्रें’ अशीच रूपे आहेत. आजच्या विद्यार्थ्याने आजच्या लेखनानुसार शब्द टंकून शोध घेतला की यंत्र प्रामाणिकपणे सांगते, असा शब्द या ग्रंथात नाही. पानिपत या नावाचीच तीनचार रूपे जुन्या लेखनात भेटतात. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला हा फरक डोळ्यांनी भरून काढता येतो. ज्याने मराठी दोन वर्षांपूर्वी शिकावयास घेतली, त्याला ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘साधन नाही’ असाच वाटतो. हा दोष विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही.

आंतरजालावर संहिता दोन अवस्थांत भेटते. एक, जुन्या छापील पानाची छायाप्रत. दुसरी, कोणीतरी त्यातून उतरवून स्वच्छ टंकलेला उतारा. वर्गात अर्थातच दुसरीला पसंती मिळते. ती वाचावयास सुबक असते, पाठाच्या चौकटीत बसते, आणि कोणत्याही पुस्तकाचे ओझे तिच्यासोबत येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, अध्यापनाच्या दृष्टीने हे ओझे हाच साधनाचा अर्धा अर्थ आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

पानिपतच्या पराभवाची वार्ता पेशव्यांना कशी कळली याविषयीचे सांकेतिक पत्र सर्वांना ठाऊक आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि मोजता न येणारी किरकोळ नाणी, अशा तीन पायऱ्यांत त्यात हानी सांगितली आहे. इतिहासविषयक कोणत्याही मराठी संकेतस्थळावर, चित्रफितीत, शालेय भाषणात हे पत्र हटकून येते. वर्गातील विद्यार्थ्यांना या पत्राची जितकी रूपे सापडतील तितकी गोळा करावयास सांगितले असता जो संग्रह हाती येतो, तो पाठभेदांच्या अभ्यासासाठी उत्तम असतो. काही रूपांत पत्र थेट नानासाहेबांना लिहिलेले आहे. काहींत ते भाऊसाहेबांच्या छावणीतून निघाले आहे. आणि बऱ्याच रूपांत मोत्यांच्या आधी एक लाख बांगडी फुटली आहे.

आता ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथातील पान उघडावे. तेथे हा प्रसंग असा आहे : सावकारांनी पाठविलेला एक कासीद पानिपताहून निघून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोचण्याच्या कराराने चालला होता. वाटेत नर्मदेच्या परिसरात तो पेशव्यांच्या सैन्यास भेटला. त्याच्याजवळचे सावकारी पत्र पेशव्यांनी उघडून वाचले आणि त्यातील शब्दांवरून भाऊ, विश्वासराव, मुख्य सरदार व सैन्य यांची गत त्यांना उमगली. बांगडी येथे नाही. पत्र पेशव्यांसाठी नाही. ते दुसऱ्याचे पत्र आहे आणि राजसत्तेने ते वाटेत फोडले आहे.

हा तपशील गळाला की पत्राचा वाङ्मयप्रकारच बदलतो. मुळात ते बाजारासाठी लिहिलेले व्यापारी वृत्त आहे. हजार किलोमीटरांहून अधिक अंतर नऊ दिवसांत तोडणारी सावकारांची डाक पेशव्यांच्या स्वतःच्या बातमीयंत्रणेच्या पुढे होती, औरंगाबादच्या पेढ्यांना उत्तरेतील लढाईचा निकाल राज्यकर्त्यांइतकाच, कदाचित अधिक तातडीने, हवा होता, आणि हुंडीचा व्यवहार युद्धाच्या निकालावर तगून होता, हे सारे त्या एका चौकटीत सामावलेले आहे. अठराव्या शतकाच्या आर्थिक इतिहासाचा एक अख्खा तास या परिच्छेदावर घेता येईल. संकेतस्थळावरील स्वच्छ उताऱ्यात मात्र उरतो तो शोकसंदेश. विद्यार्थी हळहळतो आणि पुढील पाठाकडे वळतो.

बांगडीचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहावा असा आहे. मोती, मोहरा, रुपये, खुर्दा या साऱ्या सावकाराच्या वहीतील नोंदी होत. पत्र कोणाच्या हाती पडले तरी ते देण्याघेण्याचे वाटावे, हेच सांकेतिकतेचे मर्म. फुटलेल्या बांगड्यांची नोंद कोणता सावकार ठेवील? मराठीत सुवासिनीची बांगडी साधी तडकली तरी ती ‘वाढली’ म्हणण्याची रीत आहे. तेथे ‘फुटली’ हा उघडा शब्द येताच गुपित संपते आणि वैधव्य समोर उभे राहते. शिवाय ‘लाख’ या शब्दात संख्या आणि बांगडीचा पदार्थ असा श्लेष साधलेला आहे. ही कारागिरी व्यापाऱ्याची नव्हे. ती शोक करणाऱ्या समाजाची आहे. बांगडीचा पाठ खोटा म्हणून तो वर्गातून हद्दपार करावा असे येथे सुचवावयाचे नाही. तो जानेवारी १७६१ चा पुरावा नाही. पानिपत मराठी मनात पुढे कसे राहिले, याचा तो पुरावा आहे. परंतु दोन्ही पाठ शेजारी ठेवल्यावाचून हा भेद दाखविता येत नाही, आणि शेजारी ठेवण्यासाठी प्रत्येकाचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो.

ग्रँट डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर कॅपन याने आपल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने १८२९-३० च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्याला नाव दिले ‘मराठ्यांची बखर’. इंग्रजी पद्धतीच्या इतिहासाला मराठीत ‘बखर’ म्हणावे लागले, यातच त्या काळाची एक मोठी अडचण दिसते. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये याच ‘बखरी’वर टीका वाचली आणि मराठी इतिहाससंशोधनात परकीय इतिहासकाराला जाब विचारण्याची परंपरा सुरू झाली. मोत्यांची आजची मराठी शब्दकळा कॅपनच्या भाषांतरातून रूढ झाली की ती आधीपासून मौखिक परंपरेत होती, हा वर्गात मांडण्याजोगा प्रश्न आहे. ग्रँट डफच्या इंग्रजीत मोती ‘विरघळतात’. प्रचलित मराठीत ते ‘गळतात’. ‘गळणे’ या क्रियापदात सरातून निसटणे आणि झिजून नाहीसे होणे असे दोन्ही अर्थ असल्यामुळे इंग्रजी शब्द हा मराठीचा अनुवाद असण्याची शक्यता राहते, उलटीही राहते. विद्यार्थ्यांना निर्णय देता आला नाही तरी चालेल.

दुसरे उदाहरण पत्रे आणि बखर यांच्या संबंधाचे आहे. राजवाड्यांच्या पहिल्या खंडात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेली पत्रे आहेत. पैसा पाठवा, यमुना उतरण्यासाठी नावा जमवा, शत्रूची रसद तोडा, अशी ही पत्रे आज्ञार्थाने भरलेली आहेत. विशेषणे जवळजवळ नाहीत. एकच मागणी पुन्हापुन्हा येते, आणि त्या पुनरुक्तीतच लिहिणाऱ्याची वाढती अस्वस्थता वाचकाला जाणवू लागते. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले. पानिपताभोवतीचा वेढा आवळत गेला तसा छावणीचा पत्रव्यवहारही आटला. पत्रांची ही विरळता स्वतःच एक साधन आहे. परंतु ती केवळ खंड क्रमाने वाचणाऱ्यालाच दिसते. दोनच ‘महत्त्वाची’ पत्रे निवडून देणाऱ्या पाठात पुनरुक्ती कापली जाते आणि मौन तर दिसण्याचा संभवच नसतो.

याउलट ‘भाऊसाहेबांची बखर’ संवादांवर उभी आहे. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी पडलेल्या दत्ताजी शिंदे यांच्या तोंडचे हिंदुस्तानी उत्तर बखरपरंपरेने अजरामर केले. आज ते मराठी संकेतस्थळांवर ऐतिहासिक उद्गार म्हणून, अवतरणचिन्हांसह, सनावळीच्या शेजारी छापले जाते. बुराडी हा आज दिल्ली शहराचा भाग आहे, आणि तेथील विद्यार्थ्याला त्या वाक्याची भाषा प्राध्यापकाहून अधिक जवळची असते. तो सहज विचारतो की मराठी ग्रंथातील मराठी सरदार मरताना हिंदुस्तानी का बोलतो. प्रश्न फार चांगला आहे. शत्रूशी शत्रूच्या भाषेत बोलणारा वीर ही बखरकाराची नाट्यदृष्टी आहे, उत्तरेत वावरणाऱ्या शिंद्यांच्या फौजेतील भाषाव्यवहाराचे ते चित्रही असू शकेल. मात्र बखर हा कोणत्या जातीचा ग्रंथ आहे, तो केव्हा व कोणासाठी लिहिला गेला, हे आधी सांगितलेले नसेल तर या प्रश्नाला वर्गात बसावयास जागाच मिळत नाही. राजवाड्यांनी आपल्या पहिल्या खंडाच्या दीर्घ प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आघात केले. ते आघात काही ठिकाणी अतिरेकी आहेत, बखरीच्या वाङ्मयीन गुणांना त्यांत न्याय मिळत नाही, असे साहित्याच्या बाजूने म्हणता येईल. तरीही ती प्रस्तावना साधनांच्या वाचनाचे आजही उपयोगी पडणारे मराठी पाठ्यपुस्तक आहे. गंमत अशी की, छायाप्रतीत ती पहिल्या पानापासून आहे आणि टंकित उताऱ्यांत कोठेच नाही.

पेशवे दप्तराच्या निवडक कागदपत्रांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मराठी पत्राच्या माथ्यावर इंग्रजी सारांश असतो. बहुभाषक वर्गाला तो वरदान वाटतो. पण व्यवहारात विद्यार्थी सारांश वाचतो आणि पत्र सोडतो. सारांश संपादकाचा निर्णय असतो, पत्र लिहिणाऱ्याचा नव्हे. त्यात गाऱ्हाणे ‘माहिती’ होते, आर्जव ‘विनंती’ होते. दुसऱ्या पुस्तकातील पानिपतविषयक पत्रे शिकविताना सारांश झाकून ठेवावा आणि पत्र वाचून झाल्यावर उघडावा, एवढा साधा उपाय पुरेसा ठरतो.

काशीराज पंडिताचा वृत्तांत तर अनुवादांच्या साखळीतूनच आपल्यापर्यंत येतो. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या या दक्षिणी ब्राह्मणाने डोळ्यांनी पाहिलेले युद्ध अनेक वर्षांनी फार्सीत लिहिले, जेम्स ब्राउनने ते इंग्रजीत आणले व ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात छापले, १९२६ मध्ये रॉलिन्सनने ते पुन्हा संपादित केले. आंतरजालावर या इंग्रजी वृत्तांताचे तुकडे ‘प्रत्यक्षदर्शीचे शब्द’ म्हणून फिरतात. प्रत्यक्षदर्शी खरा, शब्द मात्र त्याचे नव्हेत. याच्या शेजारी, त्याच रणातून जिवंत परतलेल्या नाना फडणिसांचे मराठी आत्मवृत्त ठेवले की साक्षीदार म्हणजे काय, ही चर्चा आपोआप सुरू होते. एक विरुद्ध पक्षाच्या छावणीतून पाहतो, दुसरा पळतो.

शालेय स्तरावर साधने वर्गात आणण्याचा एक गंभीर प्रयत्न राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या ‘थीम्स इन इंडियन हिस्टरी’ (२००७) या पुस्तकांनी केला. त्यांत मूळ साधनांचे उतारे चौकटीत देऊन त्यांवर प्रश्न विचारलेले आहेत. ही पद्धती स्वागतार्ह होती आणि तिचा परिणाम पुढील अध्यापनसामग्रीवर झाला. परंतु अनुकरणात चौकट उरली आणि प्रश्न बदलले. उतारा कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिला असे विचारण्याऐवजी उताऱ्यात कोणाचे नाव आले आहे, असे विचारले जाऊ लागले. असा प्रश्न साधनाला पाठ्यपुस्तकाचाच एक परिच्छेद बनवितो. आकर्षक चित्रे, नकाशे, हलत्या आकृत्या यांनी सजविलेले तयार पाठ पाहताना हे विशेषत्वाने जाणवते. युद्धभूमीचा रंगीत नकाशा कोणत्या साधनावरून काढला, हे त्या नकाशावर क्वचितच लिहिलेले असते. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतचा जो अभ्यास सिद्ध केला, त्यातील निष्कर्ष आज अनेक ठिकाणी त्यांच्या नावावाचून वापरात आहेत. कादंबरी (विश्वास पाटील यांची ‘पानिपत’, १९८८) आणि चित्रपट (२०१९) यांतील प्रसंगही त्याच सरमिसळीत सामील झाले आहेत. कादंबरीकाराला कल्पनेचा अधिकार आहे. तो पाठ तयार करणाऱ्याला नाही.

मूळ कागदापर्यंत जाण्याचा मार्ग अद्याप अरुंद आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ मध्ये सुरू झाले आणि मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. मोडी वाचणारी माणसे मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. म्हणून पदवीच्या वर्गात मोडी शिकवून मग इतिहास शिकवावा, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु एका पत्राची मोडी प्रतिमा समोर ठेवून, तिचे बाळबोध रूप शेजारी दाखवून, त्यातील न तुटणाऱ्या शब्दांची रांग विद्यार्थ्याच्या नजरेस आणून देणे शक्य आहे. शब्द कोठे तोडावा हा वाचकाचा निर्णय असतो आणि तो चुकू शकतो, हे एकदा पाहिले की छापील पानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

तारखांचेही तसेच आहे. पत्रावर इसवी सन नसतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशी शुहूर सनाची नोंद असते. एक, साठ, शंभर, हजार अशी बेरीज करून ११६१ हा आकडा येतो, आणि मृगापासून सुरू होणारे ते वर्ष १७६० च्या उन्हाळ्याअखेरीपासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंत पसरते. टंकित उताऱ्यावर नुसते ‘१७६०’ छापले की भाऊंनी दिल्ली घेतल्याच्या महिन्यातील पत्र आणि वेढ्यातील पत्र एकाच सपाट वर्षात जाऊन पडतात. संपादकाने चंद्रावरून व महिन्यावरून काढलेली तारीख कोणत्या गणिताने काढली, हे विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करून पाहावे. अरबी अंक, भारतीय ऋतू, मराठी पत्र आणि इंग्रजी दिनांक यांची ही गाठ सोडविण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

यासाठी नवे भव्य संकेतस्थळ उभारण्याची गरज नाही. भाऊ व गोविंदपंत यांच्यामधील वीसपंचवीस पत्रांचा एक लहान, सटीप संग्रह पुरे आहे. राजवाड्यांच्या खंडातील पानाची छायाप्रत, शेजारी अनुस्वारांसह जसाच्या तसा टंकलेला पाठ, खाली आजच्या लेखनातील शोधरूपे, तारखेचे गणित, आणि हिंदीत अनुवाद, एवढी त्याची मांडणी असावी. राजवाडे १९२६ साली वारले, शेजवलकर १९६३ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा जो नियम आहे त्यानुसार दोघांचेही लेखन आता प्रताधिकाराच्या बंधनातून मोकळे झाले आहे, तेव्हा टिपांसाठी शेजवलकरांचा आधार घेण्यासही हरकत राहिलेली नाही. मराठी अध्यासनांनी हे काम महाराष्ट्रातील संस्थांवर न सोपविता स्वतःकडे घ्यावे, याला एक व्यावहारिक कारण आहे. या पत्रांतील नद्यांची, घाटांची, गढ्यांची नावे दक्षिणेतून आलेल्या कारकुनाच्या कानाने लिहिलेली आहेत आणि पुण्यातील संपादकाच्या डोळ्याने वाचलेली आहेत. इटावा, बागपत, कुंजपुरा ही मोठी ठिकाणे ओळखू येतात. लहान गावांची नावे मात्र मराठी वाचकाला नुसती अक्षरे वाटतात. यमुनेकाठच्या एखाद्या तालुक्यातून आलेला, मराठी नुकतीच शिकू लागलेला विद्यार्थी अशा अक्षरांतून आपल्या शेजारचे गाव ओळखू शकतो. नावांविषयीच्या पत्रांपासून आरंभ करावा. त्यांत घाटांची नावे सर्वाधिक आहेत.